चेअरमनच्या समाचाराला

जिनदत्त मगदूम ऊर्फ अण्णांना नाही म्हणता येत नसे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणाऱ्या माणसाला हा दोष परवडणारा नव्हे. पण दुकान मुलगा जिनेश बघू लागल्यापासून तो दोष निदान घराच्या चार भिंतींत राहिला होता. लग्नाच्या पंगतीत कुणी आग्रह केला, की अण्णा मधुमेहासकट जेवत आणि वर वाढप्यालाच धन्यवाद देत. गल्लीत कुणी कसलीही वर्गणी काढली तरी पहिलं नाव अण्णांचं. वर्गणी कशाची, हे त्यांना मागाहून कळे.

घरात माणिक आला तोही असाच. जिनेशचा एक मित्र परदेशी निघाला होता. त्याने आपला करडा आफ्रिकन पोपट पिंजऱ्यासकट आणून ओसरीवर ठेवला आणि म्हणाला, दोनेक महिने सांभाळा. अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, ठेवा की." मित्र तिकडेच स्थायिक झाला, पोपट इकडे. अण्णांच्या पत्नी शालनकाकूंनी आठवडाभर कपाळाला आठ्या घातल्या आणि मग त्याला घरचं जैन वळण लावलं. माणिकला सूर्यास्तानंतर दाणा नाही, कांदा-बटाटा नाही, पाणी गाळून उकळलेलं. अण्णांना वाटे, एवढ्या शुद्ध आचाराच्या पाखराला कसला रोग होणार! ते तसं बोलूनही दाखवत. माणिकने मात्र आचारापेक्षा मालकाचा विचारच जास्त उचलला होता. फोन वाजला रे वाजला, की तो अण्णांच्या आवाजात म्हणे, "व्हय व्हय, येतो की." अण्णा फोनपाशी पोचेपर्यंत होकार देऊन झालेला असे.

या माणिकमुळेच अण्णांची लालासाहेबांशी ओळख झाली. इस्लामपूरजवळच्या एका गावचे लालासाहेब एके काळचे पैलवान. अंगावर अजून ते वैभव होतं, पण जरा खाली सरकलेलं. गावच्या सोसायटीचं चेअरमनपद या खेपेला आपलंच, म्हणून त्यांनी निकालाआधीच पांढऱ्या कपड्यांचे जोड शिवून ठेवले आणि निवडणुकीत सपाटून मार खाल्ला. कपडे वाया गेले नाहीत, लग्नकार्यात चालले. पण मनातला सल जाईना. तेव्हा त्यांनी निळा-पिवळा, हातभर शेपटीचा मकाव जातीचा मोठा पोपट आणला आणि त्याचं नाव ठेवलं चेअरमन. आता दारात कुणी आलं, की आतून त्यांच्या बायकोचा, चंद्राबाईंचा आवाज येई, "बसा, चेअरमन आंघोळ करत्यात." निवडून आलेला खरा चेअरमन रस्त्याने जाताना हे ऐकून तोंड फिरवी. लालासाहेबांना पराभवानंतर पहिल्यांदाच शांत झोप लागू लागली.

मोठ्या पोपटांच्या मालकांचं एक पक्षीमित्र मंडळही निघालं. मंडळाचं काम म्हणजे रोज सकाळी फोनवरच्या ग्रुपात एकमेकांच्या पोपटांना सुप्रभात म्हणणं. त्यात आष्ट्याचे बाळासो होते. त्यांच्याकडे जेसीबी आणि मकावाची जोडी होती आणि दोन्हींची निगा एकच माणूस राखी. कोरेगावचा राजवर्धन होता. तो स्वतः काळा चष्मा लावी, पोपटालाही लावी आणि दोघांचे व्हिडिओ काढून जगाला दाखवी. या मंडळींत अण्णा कसे, याचं कोडं खुद्द अण्णांनाही उलगडलं नव्हतं. कुणीतरी या म्हटलं होतं, एवढंच.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लालासाहेबांनी चेअरमनचा वाढदिवस केला. चौकात फ्लेक्स लागला. मधोमध चेअरमन, खाली शुभेच्छुक म्हणून बाकीच्या पोपटांचे फोटो. आणि जेवणाला पंगत, तीही पोपटांची. मोठी पितळी परात, तिच्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, आणि भोवती सगळे पोपट. एका ताटात जेवले की जन्माचे भाऊ होतात, असं लालासाहेबांचं म्हणणं. अण्णांनी माणिकची वाटी घरून आणली होती. ती त्यांनी पिशवीतून अर्धी बाहेर काढली, तोच लालासाहेब हसत सगळ्यांदेखत म्हणाले, "काय अण्णा, पाखरातबी सोवळंओवळं व्हय?" लोक हसले. वाटी पिशवीत परत गेली. माणिक परातीवर बसला. चेअरमनने आपल्या चोचीतला घास त्याच्या चोचीत दिला आणि राजवर्धनने तेवढा क्षण बरोबर टिपला. चित्र मंडळात फार गाजलं.

दिवाळीनंतर चेअरमन वाळू लागला.

खाणं कमी नव्हतं. उलट वाढलं होतं. पण छातीचं हाड पिसांतून हाताला लागू लागलं. ऊसपट्ट्यातल्या घरात जनावर वाळणं ही मालकाची अब्रू वाळल्यासारखी गोष्ट. लालासाहेबांना दुखण्यांचं एकच शास्त्र ठाऊक होतं, तालमीचं. अशक्तपणा आला की खुराक वाढवायचा. त्यांनी बदाम सुरू केले, मग खारीक, मग साजूक तुपाचं बोट, आणि थंडीचे दिवस असून थंडाई. चेअरमन सगळं खाई, मान झटकून थोडं उलटून टाकी, आणि उरलेलं खालून जसंच्या तसं बाहेर येई. बदामाचे तुकडे अख्खे, सूर्यफुलाच्या बिया अख्ख्या. झाडताना चंद्राबाई म्हणाल्या, हे पाखरू जेवत नाही, नुसतं धान्य या खोलीतून त्या खोलीत नेऊन ठेवतं. लालासाहेबांनी खुराक आणखी वाढवला. मग दृष्ट काढली. दृष्ट कुणाची, याबद्दल घरात शंका नव्हती. खरा चेअरमन कोपऱ्यावरच राहत होता.

शेवटी चेअरमन दांडीवरून पडू लागला, तेव्हा त्याला गाडीत घालून साताऱ्याला नेलं. तिथे डॉक्टर संयोगिता म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याची बाई होती. तिने पोटाचा फोटो काढला, नमुने पुण्याला पाठवले आणि निदान सांगितलं. एक विषाणू असतो, तो पोटाच्या मज्जातंतूंत शिरतो. पोट ताणून पिशवीसारखं होतं, पण हलत नाही. पाखरू भरल्या ताटावर उपाशी मरतं. मुळावर औषध नाही. सूज उतरवायची, मऊ खायला द्यायचं, जितके दिवस जातील तितके चांगले घालवायचे. आणि इतर पोपटांना जवळ येऊ द्यायचं नाही.

ही बातमी लालासाहेबांनी कुणाला सांगितली नाही. चंद्राबाईंनी फक्त शालनकाकूंना फोन करून सांगितली आणि कुणाला कळू देऊ नका म्हणाल्या. तसंच त्यांनी बाळासोंच्या घरी सांगितलं. राजवर्धनच्या आईलाही सांगितलं, कुणाला कळू देऊ नका म्हणूनच. आठवड्यात मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक झालं, की चेअरमनला लागणीचा रोग आहे. आणि दुसऱ्या कुणाला हे ठाऊक आहे याचा पत्ता कुणालाच नव्हता. सकाळची सुप्रभातं चालूच होती. चेअरमनच्या फोटोखाली सगळे दोन हात जोडत आणि मनात म्हणत, तिकडेच राहा बाबा.

अशात लालासाहेबांचा फोन आला. रविवारी दुपारी या, चेअरमनच्या समाचाराला. सगळ्यांनाच बोलावलंय. आणि शेवटी आवाज जरा घोगरा करून म्हणाले, "पाखराला घिऊनच या, अण्णा. इसरू नका."

अण्णांचं तोंड उघडलं होतं. नाही म्हणायचा त्यांचा विचार होता, हे त्यांनी पुढे शालनकाकूंना शपथेवर सांगितलं. पण ओसरीवरून आवाज आला, "व्हय व्हय, येतो की." आणि अण्णांच्या जिभेनेही तेच म्हटलं. कुणी आधी म्हटलं, हा वाद फिजूल.

शालनकाकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या. एवढंच म्हणाल्या, "आवं, भीड भिकंची बहीण म्हंत्यात. तुमी तर तिचं कन्यादान करत सुटलाय. माणिक या घरातनं हलायचा न्हाई, सांगून ठेवते."

अण्णा ओसरीवर माणिकपुढे बसून राहिले. माणिकने मान खाली-वर केली आणि चोचीतून ओला दाणा काढून त्यांच्या बोटावर ठेवला. हल्ली तो हे वारंवार करी. पोपट माया लागली की असा घास भरवतात, हे अण्णांनी कुठेसं वाचलं होतं, आणि त्यांना भरून येई. एवढ्या मायेचं पाखरू त्या घरात न्यायचं, आणि ते तिथून दुखणं घेऊन यायचं. नाही नेलं तर लालासाहेबांना काय वाटेल? बाकीचे नेतील. मग उरलेला एकटा मगदूम, ज्याने पंगतीत वाटी काढली होती तोच.

मार्ग काकूंनीच काढला. माणिकचा जुना पिंजरा माळ्यावर होता, तो खाली काढला. त्याला सोलापुरी चादरीची खोळ घातली. थंडी बाधते, डोळ्याला उजेड सोसत नाही, काहीही सांगा म्हणाल्या. रिकामा पिंजरा हातात हलका झोके घेतो असं लक्षात आल्यावर त्यांनी आत एक असोला नारळ ठेवला. असत्य बोलण्याचं पाप लागेल म्हणून अण्णा कुरकुरले. काकू म्हणाल्या, तुम्ही बोलूच नका, तुमच्या वतीने चादर बोलेल.

रविवारी जिनेशने अण्णांना गाडीने गावापर्यंत सोडलं आणि पिंजऱ्याकडे पाहून हसत तो इस्लामपूरला कामाला गेला. लालासाहेबांच्या सोप्यात मंडळी आधीच जमली होती. अण्णांनी पाहिलं तर बाळासोंचे दोन पिंजरे शेजारी, दोन्हींवर ताडपत्री. राजवर्धनच्या पिंजऱ्यावर त्याच्या आईची पैठणी दिसत होती, आणि आतून मधूनमधून पोपटाची जोरदार किंकाळी येत होती. अण्णा मनात म्हणाले, हे लोक खरंच पाखरं घेऊन आले! काय छातीची माणसं! आपण मात्र नारळ घेऊन आलो. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की बसताना पिंजरा तिरका झाला आणि आत नारळ गडगडला.

बाळासो चटकन म्हणाले, "मानिकचं अंग लय भरलंय जनू."

"व्हय," अण्णा म्हणाले, आणि पापाचं खातं उघडलं.

चेअरमन मधोमध एका पाटावर, टॉवेलच्या घडीवर बसला होता. निळा रंग धुरकटलेला, शेपटीची टोकं झिजलेली, मान एका लयीत हलत होती. त्याने एकेका झाकलेल्या पिंजऱ्याकडे डोळा तिरका करून पाहिलं. मंडळींनी रीतीप्रमाणे समाचार सुरू केला. कुणी केळी आणली होती, कुणी बिस्किटांचे पुडे. बाळासोंनी आपल्या मेव्हण्याच्या पोटाच्या दुखण्याची हकिकत सांगितली. तो वर्षभर भोगून मेला होता, तरी बाळासो ती धीर देण्यासाठी सांगत होते. राजवर्धन म्हणाला की त्याचा पोपट एरवी खोळीत बसत नाही, पण आज मित्राच्या काळजीने गप्प आहे. हे म्हणेपर्यंत पोपट दोनदा किंचाळला.

चंद्राबाई चहा घेऊन आल्या. कपबशा हातोहात फिरत होत्या, तोच पैठणीखालून हलगीचा कडकडाट झाला, त्यावर कुणीतरी तारस्वरात गाऊ लागलं आणि मग फोनच्या बाईचा स्पष्ट आवाज आला, की मम्मी कॉल करत आहेत.

बाळासो बशीतला चहा फुंकत राहिले. अण्णांनी छताचे वासे पाहिले. राजवर्धनने काळा चष्मा लावला. हलगी वाजून वाजून थांबली. मग बाळासो गंभीरपणे म्हणाले, हल्लीचे पोपट काय काय नकला करतात! सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि ते वाक्य ऐकता ऐकता अण्णांना उमगलं, की या सोप्यात पोपट एकच आहे, तो पाटावरचा. दोन ताडपत्र्या, पैठणी आणि चादर, सगळी झाकली मूठ.

त्यांना आधी हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची लाज.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. हातात रबरी मोजे, बगलेत बर्फाची पेटी अशी तिशीची एक बाई बाहेर आली. पिंजऱ्यांची रांग पाहून ती लालासाहेबांवर जवळजवळ ओरडलीच. पक्षी एकत्र आणू नका, एकेकाला वेगळ्या वेळेला बोलवा, गाडीतच ठेवायला सांगा, मी गाडीपाशी जाऊन नमुना घेईन, हे तिने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं म्हणे. ही डॉक्टर संयोगिता. ती समाचाराला आलेली नव्हती, तपासणीला आली होती. पाखरं आणा म्हणून जो आग्रह झाला, तो तिच्यासाठी.

लालासाहेब पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले. मग हळू आवाजात सांगू लागले. हा रोग चेअरमनला कुठून आला, ते कळत नाही. विकणाऱ्याकडूनही आला असेल, पंगतीतूनही. तो वर्षं वर्षं आत झोपून राहतो आणि पाखरू वरून धडधाकट दिसतं. म्हणून पंगतीला बसलेल्या सगळ्यांची तपासणी व्हावी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मी तुमाला फोनवर काय सांगू?" ते म्हणाले. "तुमचं पाखरू रोगी हाय का बघायचंय म्हनून? तुमच्या पाखरानं माजं मारलं, आसा अर्थ झाला आस्ता. आन एकेकाला बोलावलं आस्तं, तर दुसऱ्याला वाटलं आस्तं, मलाच का न्हाई."

मंडळींनी ही अडचण ताबडतोब ओळखली. ती त्यांचीच होती, फक्त उलटी नेसलेली.

डॉक्टर मोजे ओढत म्हणाली, ठीक आहे, आता आलेच आहात तर घ्या खोळी काढायला. कुणाचाच हात पुढे होईना. बाळासोंनी ताडपत्रीची गाठ आणखी आवळली. राजवर्धन म्हणाला की त्याच्या पोपटाला अनोळखी बाई आवडत नाहीत. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारू लागली: वजन उतरतंय का? मान हलते का? खाल्लेलं उलटून टाकतो का, वारंवार? शिटेत अख्ख्या बिया दिसतात का? सगळे माना हलवत होते, नाही, छे, मुळीच नाही.

अण्णांची मान मात्र हलली नाही. त्यांना आपल्या बोटावरचा ओला दाणा आठवला. आणि शालनकाकू मागे एकदा ओसरी झाडताना म्हणाल्या होत्या, की माणिकच्या पिंजऱ्यातल्या कागदावर बिया सोललेल्या पडतात, पण न पचलेल्या. तेव्हा अण्णांनी सांगितलं होतं, वाटीतून सांडल्या असतील. ज्याला ते माया समजत होते, ती माया नव्हती, निदान सगळी नव्हती. आता गप्प बसलं तर गाडी येईल, चादरीसकट नारळ घरी जाईल आणि माणिक भरल्या वाटीवर उपाशी राहील.

ते उठले. चादर काढली. नारळ सगळ्यांना दिसला.

"माजा रिकामा हाय," अण्णा म्हणाले. "मानिक घरी हाय, सांगलीला. तो बिया पचवत न्हाई. डॉक्टर, माज्यापासनं सुरू करा."

लालासाहेब नारळाकडे बघत राहिले. अण्णांना वाटलं, आता हे आयुष्यभराचं तुटलं. लालासाहेब म्हणाले, "रिकामा हाय ते तुमी दारात आला तवाच कळालं. उभा जलम वजनं उचलण्यात गेला माजा. भरला पिंजरा आसा कुनी धरत न्हाई." मग बाकीच्या खोळींवरून नजर फिरवून म्हणाले, "तुमाला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई."

डॉक्टर त्याच संध्याकाळी सांगलीला येऊन नमुना घेऊन गेली. बाकीची मंडळी आपापले पिंजरे, खोळी न काढता, नीट सांभाळून घरी घेऊन गेली. राजवर्धन तर वाटेत एकदा पैठणीशी बोललाही म्हणतात.

माणिकचा रिपोर्ट आला. विषाणू होता. डॉक्टरने सांगितलं, सुरुवात आहे, मऊ खाणं आणि औषधावर काही पाखरं पुष्कळ दिवस काढतात. आणि कुणाकडून कुणाला गेला, हे आता देवालाही सांगता येणार नाही. पण मंडळाला देवाच्या आधी कळलं होतं. रोग मगदूमांच्या घरून आला, हे आष्ट्यापासून कोरेगावपर्यंत सगळ्यांना माहीत झालं. चेअरमनला चोचीतून घास देणारा माणिकच, असं तो जुना फोटो पुन्हा टाकून सिद्ध करण्यात आलं. फोटोत घास देणारा चेअरमन होता आणि घेणारा माणिक, पण फोटो नीट पाहायला कुणाला सवड नव्हती. रोगाला एक घर मिळालं की बाकीची घरं निरोगी होतात. बाळासोंनी आणि राजवर्धनने तपासणी केली नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला. मंडळाने एकमताने ठरवलं, की मगदूमांना सुप्रभात पाठवायचं नाही.

अण्णांना पहिल्यांदा फार लागलं. मग सकाळी बघायला फोन नाही, द्यायला होकार नाही, अशी सवय झाली. माणिकला कणकेसारखं मऊ खाणं भरवण्यात वेळ जाई.

एका दुपारी ओसरीपुढे गाडी थांबली. लालासाहेब उतरले. हातात पिंजरा होता, वर खोळ नव्हती. आत चेअरमन, पंखांच्या घडीत नुसती हाडं, पण मान वर. शालनकाकू दारातच आडव्या आल्या. लालासाहेब म्हणाले, "वैनी, डॉक्टरीणबाईला इचारून आलोय. दोघास्नी एकच रोग झालाय. आता एकमेकाला काय लावत्यात? समाचाराला आलोय म्हना."

काकूंनी वाट दिली. पिंजरे दारं उघडून शेजारी शेजारी ठेवले. काकूंनी मऊ खाणं कालवलं, आणि जरा विचार करून दोन वाट्यांऐवजी एकाच ताटलीत वाढलं. चेअरमनने चोच बुडवली, थोडं खाल्लं, मान झटकली. माणिक त्याच्याकडे बघत होता.

जाताना लालासाहेबांनी विचारलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा येऊ का? चेअरमन असला, तर.

अण्णांनी ओसरीकडे पाहिलं. माणिक गप्प होता, चोचीत घास होता. तेव्हा या खेपेला अण्णांना स्वतःच म्हणावं लागलं.

"व्हय व्हय," ते म्हणाले, "या की."